गावच्या घरी आईबाबांसाठी टीव्ही घ्यायचाय: ४३, ५० की ५५?

माडाखाली

संगमेश्वर तालुक्यातल्या घरासाठी टीव्ही घ्यायचा आहे. आत्ताचा ३२ इंची एचडी रेडी आहे, त्याच्या डाव्या बाजूचा बॅकलाइट गेलाय. निर्णय घेण्याजोगी माहिती खाली देतो.

खोली: माजघर, १२ × १५ फूट. बाबांची आरामखुर्ची स्क्रीनपासून बरोबर ९ फुटांवर. आई निम्मा वेळ स्वयंपाकघराच्या दारातून बघते. ते दार टीव्हीच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, साधारण ५ फूट बाजूला आणि ६ फूट पुढे. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला, खुर्चीच्या मागे डाव्या हाताला, पडवीकडची खिडकी. दुपारचा सगळा उजेड स्क्रीनवर.

भिंत: जांभ्या चिऱ्याची, वर सिमेंटचा गिलावा.

काय बघतात: दिवसभर बातम्या, संध्याकाळी सातपासून मालिका, सामने असले की क्रिकेट. डिशचा जुना एसडी बॉक्स. फायबर आहे, ४० एमबीपीएस, राउटर पडवीत.

वीज: व्होल्टेज वरखाली होतं, वळवाच्या दिवसांत विजा जोरात.

बजेट: सगळं धरून ५० हजार.

दुकानदार ५५ इंची क्यूएलईडी दाखवतोय, भाऊ म्हणतो थांबून ओलेड घेऊ. साइज, पॅनेल, भिंतीवर की टेबलावर, स्टॅबिलायझर लागतो का, या चार गोष्टींवर मत हवंय.

---

तिसरी घंटा

साइजच्या आधी बॉक्स बदलायचं ठरवा. ५० हजारांतले पहिले पैसे तिथे गेले पाहिजेत, नाहीतर नवा टीव्ही जुन्यापेक्षा वाईट दिसेल आणि सगळे टीव्हीला नावं ठेवतील.

एसडी वाहिनीचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४.१५ लाख. ४के पॅनेलवर ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. एका ठिपक्याच्या जागी वीस भरायचे, त्यातले एकोणीस टीव्हीने आपल्या मनाने. महागडे प्रोसेसर हे काम बरं करतात. स्वस्तातल्या टीव्हीत बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती मुंग्या फिरल्यासारख्या दिसतात आणि मालिकेतले चेहरे मेणाचे.

अंतराचा ढोबळ हिशेब: चांगल्या नजरेला चित्रातल्या ओळी सुट्या दिसू नयेत असं वाटत असेल, तर चित्राच्या उंचीच्या एसडीला सहापट, फुल एचडीला तिप्पट आणि ४केला दीडपट लांब बसावं लागतं. उंची काढायला इंचांना ०.४९ ने गुणा.

४३ इंची: उंची २१ इंच. एसडीला साडेदहा फूट, एचडीला सव्वापाच.
५० इंची: उंची साडेचोवीस. एसडीला सव्वाबारा फूट, एचडीला सहा.
५५ इंची: उंची २७. एसडीला साडेतेरा फूट, एचडीला पावणेसात.

बाबा ९ फुटांवर आहेत. म्हणजे एचडी चित्र तिन्हींवर स्वच्छ दिसेल आणि एसडी तिन्हींवर फुटलेलं, ५५ वर सगळ्यात जास्त. याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट निघते. ५५ इंचांवरसुद्धा एचडीपेक्षा ४के वेगळं कळायला पावणेसात फुटांच्या आत बसावं लागतं. तुमच्या खुर्चीवरून ते कळणारच नाही. या साइजना आता बहुतेक पॅनेल ४केच येतात म्हणून ते घ्या, पण ४केच्या नावाखाली जास्तीचा रुपया मोजू नका.

माझं मत ५०. रुंदी ११० सेंटिमीटर, उंची ६२.

एचडी बॉक्स घेतल्यावर हमखास होणारी चूक म्हणजे पॅकमध्ये एसडी आणि एचडी दोन्ही वाहिन्या राहतात, त्यांचे नंबर वेगळे असतात, आणि हाताला जुना नंबर पाठ असतो. एचडीचे पैसे भरून माणसं वर्षभर एसडीच बघतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या पॅकमध्ये घाला आणि त्याच वाहिन्यांच्या एसडी काढून टाका. मराठी बातम्यांच्या वाहिन्या बहुतेक एसडीच आहेत, तिथे इलाज नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी करा. बरेचदा ते ५७६ वर अडकलेलं असतं. आस्पेक्ट १६:९. टीव्हीकडे चित्राचा आकार "स्क्रीन फिट", "जस्ट स्कॅन" किंवा "ओरिजिनल" यांपैकी जे नाव असेल ते निवडा. नाहीतर टीव्ही कडा कापतो आणि खालची बातम्यांची पट्टी अर्धी जाते. आणि जोडणी एचडीएमआयनेच. जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर तशीच नव्या टीव्हीला लावून देणारे कमी नाहीत.

---

नेमकं बोला

५५ घ्या. महिनाभरात ५० लहान वाटायला लागतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत ३०,००० असेल तर आधी ३८,४०० पडायचे, आता ३५,४००. तीन हजार तिथेच वाचले, ते साइजमध्ये घाला.

---

तिसरी घंटा

@नेमकं बोला, ओटीटी किंवा नुसतं एचडी बघणाऱ्या घरात ९ फुटांना ५५ बरोबर आहे, ६५ सुद्धा चालेल. इथे दिवसभर एसडी बातम्या आहेत. वाचलेले तीन हजार आवाजाला आणि विजेच्या संरक्षणाला ठेवावेत.

---

काळापांढरा

पॅनेलबद्दल लिहितो, कारण ५० या आकड्यात एक मेख आहे.

आधी ओलेड बाद करू. बजेटमध्ये बसत नाही हे एक. दुसरं, ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. मराठी बातम्यांची वाहिनी डोळ्यांसमोर आणा: कोपऱ्यात लोगो, शेजारी घड्याळ, खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी. दिवसाला सात-आठ तास हे चौघे एकाच जागी. तिथले ठिपके आधी थकतात आणि मालिका लावली तरी पट्टीची सावली मागे राहते. या वापराला एलसीडीच योग्य.

क्यूएलईडी हा एलसीडीच असतो, फक्त बॅकलाइटपुढे क्वांटम डॉटचा थर, त्याने रंग जास्त भरतात. तो थर असला म्हणजे टीव्ही चांगला असं नाही. खिडकीसमोरच्या टीव्हीला रंगांपेक्षा उजेड लागतो. स्वस्त पॅनेल २५० ते ३०० निट्सचे (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) असतात आणि कंपन्या हा आकडा लिहायचं टाळतात. ४०० निट्सच्या आसपास मिळालं तर दुपारी फरक जाणवेल. ३०० निट्सच्या टीव्हीवर एचडीआरचा (जास्त उजळ-गडद चित्राचा) शिक्का असला तरी तो खोक्यापुरताच.

आता मेख. एलसीडी पॅनेल दोन जातींचे. व्हीए: काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ च्या वर, पण बाजूने बघितलं की चेहरे पांढुरके पडतात. आयपीएस: बाजूनेही रंग टिकतात, पण कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, रात्री दिवा मालवला की काळा भाग राखाडी दिसतो. ५० इंचांत बहुतेक सगळे व्हीए. ४३ आणि ५५ मध्ये दोन्ही मिळतात, एकाच मॉडेलच्या दोन साइजमध्येही पॅनेल वेगळं असू शकतं.

५ फूट बाजूला आणि ६ फूट पुढे म्हणजे आईंचा कोन ४० अंशांचा. त्या कोनात व्हीए फिकट दिसणारच.

दुकानात ओळखायला सोपं आहे. माणसाचा चेहरा असलेलं दृश्य लावायला सांगा, समोर उभे राहा, मग तितक्याच अंतरावर राहून बाजूला सरकत जा. गालांचा रंग उतरायला लागला की व्हीए. आणि बघण्याआधी रिमोटने पिक्चर मोड व्हिव्हिडवरून स्टँडर्ड किंवा सिनेमावर आणा. दुकानात सगळे टीव्ही डेमो मोडमध्ये भडक करून ठेवलेले असतात, आणि लूपवर फिरणारे फुलांचे, माशांचे व्हिडिओ वाईट पॅनेललाही गोरंगोमटं दाखवतात. शक्य असेल तर दुकानाच्या डिशवर एखादी एसडी बातम्यांची वाहिनी लावून बघा. दुकानदार कुरकुरेल, पण तुमच्या घरी दिवसभर तेच दिसणार आहे.

"१२० मोशन", "एमईएमसी" वगैरे हलतं चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयींकडे लक्ष देऊ नका. पॅनेल ६० हर्ट्झचं असलं तरी डिशला पुरतं. क्रिकेटला ती सोय अगदी कमीवर ठेवा, मालिकांना बंद.

---

माडाखाली

कोन मोजला नव्हता, ४० अंश जास्तच आहे. आई दारातून मालिका दोन तास तरी बघते. मग ५० बाद का? ४३ आयपीएस बाबांना लहान होईल अशी भीती आहे, चष्मा असून खालच्या पट्टीतली अक्षरं वाचताना पुढे झुकतात.

---

काळापांढरा

बाद नाही. टेबलावर ठेवलात तर टीव्ही दाराकडे १५ अंश वळवता येतो. मग आईंचा कोन २५ आणि बाबांचा १५, दोघांनाही व्हीए चालतं. ५० इंची टीव्हीची एक बाजू दुसरीपेक्षा साधारण ११ इंच पुढे आली की १५ अंश होतात. दोन पाय दोन टोकांना असलेला टीव्ही वळवायला खोल टेबल लागतं, वळवल्यावर पायांची बैठक १९-२० इंच खोली मागते. मधोमध स्टँड असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम.

वळवल्याने खिडकीचंही काम होईल. खिडकी डावीकडे आहे आणि टीव्ही उजवीकडे वळतोय, त्यामुळे प्रतिबिंब बाबांच्या नजरेतून बाजूला सरकेल. किती, ते विकत घेण्याआधी कळतं. दुपारी तीनच्या सुमारास जुना टीव्ही बंद करून बाबांच्या खुर्चीत बसा. काळ्या स्क्रीनमध्ये खिडकी दिसेल. कोणालातरी टीव्ही हळूहळू वळवायला सांगा आणि खिडकी स्क्रीनबाहेर गेली की जमिनीवर खडूने रेघ मारा. नवा टीव्ही मोठा आहे, म्हणून दोन-तीन अंश जास्त धरा.

---

फेज-न्यूट्रल

स्टॅबिलायझर लागत नाही. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर "१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं असेल तर आतला पॉवर सप्लाय कमी व्होल्टेज स्वतः सांभाळतो. १६० व्होल्टवर बल्ब मिणमिणतो, टीव्हीला काही होत नाही. टीव्ही मरतो तो तीन कारणांनी, आणि साधा स्टॅबिलायझर यातल्या एकालाही धड अडवत नाही.

पहिलं, न्यूट्रल तुटणं. पावसात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या घरांना २३० ऐवजी ३०० ते ४०० व्होल्ट जाऊ शकतात. यावर मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारा स्विच, बसवा. वरची मर्यादा २६५, खालची १७० ते १८०, परत चालू होण्याचा वेळ दोन-तीन मिनिटं. टीव्हीबरोबर फ्रिज आणि पंपही वाचतो.

दुसरं, तारेवरून येणारा विजेचा धक्का. बोर्डातच टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर बसवतात. टेबलाजवळ स्पाइक गार्ड ठेवायचा तर त्यावर "प्रोटेक्टेड"चा दिवा असलेला घ्या. आतला धक्का झेलणारा भाग (व्हॅरिस्टर) प्रत्येक धक्क्याला थोडा झिजतो आणि एके दिवशी संपतो, पण प्लग पॉइंट म्हणून तो बोर्ड पुढेही बिनबोभाट चालत राहतो. दिवा गेला की बदला. अर्थिंग नसेल तर हे दोन्ही नावालाच. तुमच्याकडे कातळ असेल तर अर्थिंग कमकुवत असण्याची शक्यता फार. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी घाला किंवा केमिकल अर्थिंग करून घ्या.

तिसरं बहुतेक जण विसरतात: डिशची वायर. जवळ वीज पडली की डिशच्या केबलमधून धक्का बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीच्या मदरबोर्डमध्ये. प्लग काढलेला असूनही टीव्ही जातो तो असा. गडगडायला लागलं की प्लग काढा आणि बॉक्समागची डिशची केबलही फिरवून काढा. ती जागा हाताला सहज लागेल अशी ठेवा, आईबाबांनी टेबलामागे वाकावं लागलं तर ते करणार नाहीत. फायबरमध्ये तांब्याची तार नसते, पण राउटरचा अॅडॉप्टर विजेवर असतो. राउटरपासून टीव्हीपर्यंत तांब्याची लॅन केबल टाकलीत तर तीही काढायची.

एक बारीक गोष्ट. टू-पिन प्लगच्या टीव्हीला किंवा बॉक्सला अर्थ नसतो, त्यामुळे एचडीएमआयच्या धातूच्या तोंडाला हात लागला की बारीक मुंग्या येतात. धोका नाही, पण चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली तर त्याच गळतीने पोर्ट जळू शकतो. दोन्हीकडचे स्विच बंद करा, मग केबल लावा.

वापराचं बिल काढायचं तर ५० इंची एलईडी साधारण १०० वॉट धरा. रोज दहा तास म्हणजे एक युनिट.

---

चिरेबंदी

टेबलावर ठरतंय ते बरंच झालं. तरी कोणी भिंतीवर लावणार असेल तर चिऱ्याबद्दल लिहून ठेवतो.

जांभा चिरा विटेसारखा एकसंध नसतो, त्यात पोकळ्या असतात. हॅमर मोडवर ड्रिल मारलं की १० मिलिमीटरचं भोक १४ चं होतं आणि गिट्टी फिरत बसते. साधं रोटरी ठेवून, हळू, १० चा बिट आणि १० × ८० ची नायलॉन गिट्टी. कंपनीचा माणूस आणतो ती आखूड गिट्टी बरेचदा गिलाव्यातच संपते, कारण गिलावाच १५ ते २० मिलिमीटर असतो. दोन चिऱ्यांमधल्या दरजेत भोक आलं तर जागा बदला. सगळ्यात खात्रीचं म्हणजे १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, ३ × २ फूट, आठ ठिकाणी भिंतीला कसायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर. ५० इंची टीव्ही दहा ते तेरा किलोचा असतो, आठ गिट्ट्यांत भार विभागतो.

फिरणारा हात असलेलं ब्रॅकेट चिऱ्यावर नको. टीव्ही पुढे ओढला की वरच्या दोन स्क्रूंवर कित्येक पट ताण येतो.

आणि पावसाच्या अंगाची, म्हणजे नैर्ऋत्येकडची भिंत असेल तर टीव्ही तिला चिकटवू नका. टेबलावरचाही चार इंच पुढे ठेवा. ओल धरलेल्या भिंतीशी मागची जाळी बंद झाली की आत बुरशी, मुंग्या आणि पालींची अंडी. वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालणं तर पावसाळ्यात सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते.

टेबलाची उंची: ५० इंची चित्राचा मध्य जमिनीपासून ४० इंचांच्या आसपास यावा. स्टँडसह खालची कड साधारण तीन इंच वर असते, त्यामुळे टेबल २४ ते २६ इंच. आरामखुर्चीत माणूस मागे रेलतो, नजर थोडी वर जाते, म्हणून दोनेक इंच जास्त झालं तरी मानेला त्रास नाही.

---

सोलकढी रिफिल

आवाज आणि रिमोट हे दोन विषय राहिलेत. रोजची भांडणं यावरच होतात.

टीव्हीवर २० वॉट लिहिलेलं असतं, पण स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. टेबलावर आवाज टेबलावरून उसळून पुढे येतो, भिंतीवर लावला तर जमिनीकडे जातो. टेबलाचा हा आणखी एक फायदा. त्यावर आईंनी क्रोशाचा रुमाल अंथरला तर आवाज तिथेच मुरतो, एवढं सांभाळा.

"पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं आणि बोलणं ऐकू येत नाही" ही तक्रार आली तर साउंडबार आणायला धावू नका. आधी डिश बॉक्सच्या ऑडिओ आउटपुटमध्ये जा आणि डॉल्बी किंवा ऑटो असेल ते पीसीएम किंवा स्टिरिओ करा. ५.१ चा आवाज दोन छोट्या स्पीकरांत कोंबताना मधल्या चॅनेलवरचं बोलणं दबतं. मग टीव्हीत "क्लिअर व्हॉइस" किंवा तत्सम नावाची सोय असते ती चालू करा. महिनाभर बघा. तरी भागलं नाही तर साउंडबार घ्या, त्यात बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला, म्हणजे ३.१. मोठ्या सबवूफरचा २.१ घेतलात तर मालिकेतल्या ढोलताशांनी कौलं हलतील आणि संवाद तिथेच राहतील. जोडणी टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला. ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात.

रिमोट. गूगल टीव्ही असलेला संच घेतलात तर पहिल्या सेटअपला "बेसिक टीव्ही" असा पर्याय येतो, तो निवडला की गूगल खातं लागत नाही आणि जाहिरातींचं होम पान डोक्यावर बसत नाही. नंतर कधीही पूर्ण स्मार्ट करता येतो. त्यानंतर पॉवर-ऑन इनपुट किंवा "सुरू होताना" या सेटिंगमध्ये एचडीएमआय १ लावून टाका. एचडीएमआय-सीईसी चालू केलं की बरेच बॉक्स आणि टीव्ही एकमेकांना चालू-बंद करतात. काही डिश रिमोटना टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. घरात एकच रिमोट हाताळावा लागला तर निम्मे फोन कमी होतील. टीव्हीचा मूळ रिमोट सेल काढून कपाटात.

ओटीटी हवं असेल तेव्हा २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज बघा, ८ जीबीवाले वर्षा-दोन वर्षांत भरून अडखळतात. पण त्यासाठी महाग मॉडेल घेऊ नका. टीव्हीचं सॉफ्टवेअर जुनं झालं तर स्टिक लावता येते, पॅनेल काही बदलता येत नाही. राउटर पडवीत आहे आणि मध्ये चिऱ्याची जाड भिंत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिच्यातून नीट येणार नाही, टीव्ही २.४ वर जोडा. नेटफ्लिक्स स्वतः ४केला १५ एमबीपीएस मागतं, एचडीला ५. तुमच्या ४० मध्ये सगळं बसतं.

चित्राची सेटिंग एकदाच करा: मोड सिनेमा किंवा स्टँडर्ड, शार्पनेस शून्य ते दहाच्या मध्ये, कलर टेंपरेचर वॉर्म, आणि इको किंवा लाइट सेन्सर बंद. सेन्सर चालू राहिला तर ढग आला की चित्र काळवंडतं आणि तुम्हाला फोन येतो. वॉर्म पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, दोन दिवस राहू द्या. तरी बाबांना खुपलं तर स्टँडर्डवर सोडा. रोज ते बघणार आहेत, तुम्ही नाही.

---

माडाखाली

सगळ्यांचे आभार. ५० इंची, टेबलावर, उजवीकडे वळवून, एचडी बॉक्स आणि बोर्डात रिले, इथपर्यंत आलोय. शेवटचं: ऑनलाइन की तालुक्याचं दुकान? ऑनलाइन दोन-अडीच हजार स्वस्त दिसतोय.

---

चिरेबंदी

पिनकोड टाकून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: डिलिव्हरी आणि कंपनीची सर्व्हिस. डिलिव्हरी येते आणि इन्स्टॉलेशनला माणूस येत नाही असं खेड्यांत होतं. कंपनीच्या टोल फ्रीला फोन करून "या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती होते का, की टीव्ही रत्नागिरी-चिपळूणला आणावा लागेल" हे स्पष्ट विचारा. आणावा लागणार असेल तर ते अडीच हजार एका टेम्पोत गेले.

---

फेज-न्यूट्रल

आणि पॅनेलवर वॉरंटी किती ते बिलावर किंवा कार्डावर लिहिलेलं बघा. साधारण एक वर्ष असते, काही मॉडेलांना पॅनेलची दोन. पॅनेल फुटणं वॉरंटीत बसत नाही, वीज पडून झालेलं नुकसानही सहसा नाही. वॉरंटी संपल्यावर पॅनेल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, त्यामुळे तिथे दुरुस्ती हा विषयच उरत नाही.

---

काळापांढरा

कुठूनही घ्या, आणताना खोकं उभंच ठेवा. आडवं टाकून वर काही ठेवलं की मधल्या भागावर दाब येऊन पॅनेलला केसासारखी चीर जाते, ती चालू केल्यावरच दिसते. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो, दीड-दोन वर्षं जुना माल असेल तर भाव त्यानुसार करा.

उघडताना सलग व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या सिरियल नंबरपासून. दोघांनी खालच्या कडेला धरून उचलायचा, काचेवर बोट नको. पाय लावायला पालथा करायचा तर पलंगावर गोधडी अंथरून. पहिल्याच दिवशी फोनमधून पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं आणि राखाडी अशी कोरी चित्रं पेन ड्राइव्हवर घालून लावा. काळ्यावर एखादा चमकता ठिपका, पांढऱ्यावर काळा, राखाडीवर मधोमध मळकट डाग दिसला तर त्याच दिवशी तक्रार. कोपऱ्यात थोडा उजेड गळणं एलसीडीत असतंच, ते बदलून देणार नाहीत. बदलून देण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते, तोवर खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

पुसायला सुकं मायक्रोफायबर, फार तर पाण्याने किंचित ओलं. काचेचा स्प्रे मारला की वरचा परावर्तन कमी करणारा थर जातो, आणि मग खिडकीचा प्रश्न पहिल्यापासून.

---

माडाखाली

सर्व्हिस संगमेश्वरला घरी येते असं टोल फ्रीवर सांगितलं, दुकानातूनच घेतो. खडूची रेघ काल मारली, १७ अंश आले. टेबल २२ इंच खोल करायला टाकतोय.